फाहिताचा मसाला घरचाच बरा

अमेरिकी पाककृती मराठी स्वयंपाकघरात हमखास फसते ती एका शब्दापाशी. कृतीत ‘चिली पावडर, दोन मोठे चमचे’ असे लिहिलेले असते. करणारी व्यक्ती डब्यातील लाल तिखट तेवढ्याच मापाने घालते आणि मोठ्या हौसेने केलेला पदार्थ पहिल्या घासालाच बाजूला सारावा लागतो. दोष मापाचा नसतो, शब्दाचा असतो. अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, ‘चिली पावडर’ म्हणजे नुसती मिरचीपूड नव्हे. सौम्य मिरची, जिरे, ओरेगानो आणि लसूण यांचे ते तयार मिश्रण असते. गोडा मसाला मागावा आणि कोणी लवंगी मिरचीची पूड हाती ठेवावी, तशातला हा प्रकार.

हा घोटाळा सर्वाधिक संभवतो तो फाहिता या पदार्थात. भाज्यांच्या लांब, रंगीबेरंगी पट्ट्या मसाला लावून कडक तापलेल्या तव्यावर परतायच्या आणि गव्हाच्या मऊ तोर्तियात गुंडाळून खायच्या, एवढाच हा खटाटोप. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे त्याला ‘फजिता’ म्हटले जाते. स्पॅनिश भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळ जाणारा असल्याने मूळ शब्द फाहिता. शहरांतील मोठ्या दुकानांत लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या आणि ओरेगानोच्या बाटल्या सहज मिळू लागल्याने तो घरी करणे अवघड राहिलेले नाही. बहुतेक ठिकाणी तो बिघडतो तो दोनच कारणांनी: मसाला पाकिटातला असतो आणि भाजी तव्यावर भाजली जाण्याऐवजी शिजते. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे.

पट्टीवरून आलेले नाव

स्पॅनिशमध्ये ‘फाहा’ म्हणजे पट्टा किंवा कमरेला बांधायचा शेला. फाहिता म्हणजे त्याचे लघुरूप, छोटी पट्टी. प्रत्यक्षात हे नाव होते गोमांसाच्या एका भागाचे. जनावराच्या छातीच्या आणि पोटाच्या मधल्या पडद्याचा लांबट, पातळ आणि चिवट स्नायू म्हणजे फाहिता. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात गुरांचे मोठमोठे मळे होते. १९३० आणि १९४० च्या दशकांत तेथे राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा एक भाग म्हणून जनावराचे डोके, कातडे, आतडी आणि हा चिवट स्नायू दिला जाई. मालकाच्या ताटात ज्याला जागा नव्हती, ते मजुराच्या वाट्याला येई. गुराख्यांनी तो निखाऱ्यांवर भाजला, आडवा बारीक कापला आणि तोर्तियात घालून खाल्ला. एका जनावरात हा भाग निघतो तो मोजकाच, त्यामुळे अनेक वर्षे पदार्थ मळ्यांच्या हद्दीतच राहिला.

तो बाजारात आणण्याचे श्रेय सहसा सनी फाल्कन यांना दिले जाते. ऑस्टिन शहरात मांसविक्रीच्या व्यवसायात असलेल्या फाल्कन यांनी सप्टेंबर १९६९ मध्ये टेक्सासमधील काइल या गावी एका उत्सवात फाहिताचा ठेला लावला. त्यांच्या फाहितात ढोबळी मिरची नव्हती की कांदा नव्हता. भाजलेले मांस आणि तोर्तिया, संपले. पुढे १९७३ मध्ये निन्फा लॉरेन्झो या विधवा महिलेने ह्यूस्टनमध्ये आपल्या तोर्तियाच्या कारखान्यातच दहा टेबलांचे उपाहारगृह सुरू केले. तेथील कोळशावर भाजलेल्या मांसाच्या टाकोंनी हा प्रकार शहरी गिऱ्हाइकांपर्यंत नेला. तापलेल्या लोखंडी तबकावर चर्रर्र आवाज करीत, वाफांचा लोट सोडीत टेबलावर येणारा फाहिता मात्र हॉटेलवाल्यांची करामत आहे. १९८२ मध्ये ऑस्टिनच्या हयात रीजन्सी हॉटेलात जॉर्ज वाइडमन या जर्मन शेफने तो तसा वाढण्यास सुरुवात केली आणि त्या आवाजानेच त्याची जाहिरात केली. मुंबई-पुण्यातील सिझलरच्या चाहत्यांना ही क्लृप्ती काही नवी वाटणार नाही.

तेव्हा ‘शाकाहारी फाहिता’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे पाहिल्यास विसंगतच आहे. पण वांग्याचे भरीत जसे भोपळ्यावर आणि केळ्यावर गेले तरी भरीतच राहिले, तसे येथेही झाले. मांस गेले, पट्टी राहिली. तापलेले लोखंड राहिले, मसाला राहिला आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घास बांधून खाण्याची रीत राहिली.

एक गोष्ट मात्र मांसाबरोबरच जायला हवी होती, ती गेली नाही. लिंबाचा रस, मीठ, तेल आणि मसाला यांच्या मिश्रणात पट्ट्या काही तास मुरवत ठेवण्याची ही पद्धत चिवट मांसासाठी होती. आंबट रसाने आणि मिठाने त्याचा वरचा थर मऊ पडतो, चव आत शिरते. ढोबळी मिरची मुळात मऊच असते. तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. तिला मीठ-लिंबू लावून तासभर ठेवले की काकडीच्या कोशिंबिरीला सुटते तसे पाणी सुटते, आणि असे पाणी सुटलेल्या पट्ट्या कितीही तापलेल्या तव्यावर टाकल्या तरी आधी उकळतात. अनेक छापील कृतींत भाज्या मुरवायला सांगितलेले असते. तो सल्ला बिनदिक्कत सोडून द्यावा.

गेबहार्टची पूड आणि पाकिटातले मीठ

तयार मसाल्याची गोष्ट फाहितापेक्षा जुनी आहे. जर्मनीतून टेक्सासमध्ये येऊन न्यू ब्राउनफेल्स या गावी स्थायिक झालेल्या विल्यम गेबहार्ट यांनी १८९० च्या दशकात मेक्सिकोतून आणलेल्या सुक्या मिरच्या दळून, त्यांत जिरे, ओरेगानो आणि मिरी मिसळून एक पूड तयार केली. ताजी मिरची वर्षभर मिळत नसे, तिचा स्वाद बाटलीत भरून ठेवता यावा हा त्यामागचा हिशेब. १८९६ मध्ये त्यांनी ‘ईगल’ हे व्यापारचिन्ह नोंदवले आणि सॅन अँटोनियो येथे कारखाना चालवला. आज जिला चिली पावडर म्हणतात ती हीच. फाहिताचा मसाला हा तिचाच धाकटा भाऊ.

यातील जिऱ्याचे प्रमाण मेक्सिकोच्या इतर भागांच्या मानाने बरेच जास्त असते. १७३१ मध्ये स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांवरून काही कुटुंबे सॅन अँटोनियोत वसवण्यात आली होती, जिऱ्याची ही आवड त्यांनी आणली असावी, असे काही अभ्यासक मानतात. जिरे मूळचे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, ते स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेले. मिरची मूळची अमेरिकेची, ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्यामुळे फाहिताच्या मसाल्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू मराठी घरातील मिसळणाच्या डब्यात आधीच हजर असतात. दुकानातून आणावा लागतो तो ओरेगानो.

असे असताना पाकिट का विकत घ्यावे? फाहिता मसाल्याचे कोणतेही पाकिट उलटे करून घटकांची यादी वाचावी. वजनाने जो घटक जास्त तो यादीत आधी लिहावा, असा नियम आहे. बहुतेक पाकिटांत मीठ, साखर आणि मक्याचे पीठ किंवा तत्सम स्टार्च पहिल्या काही नावांतच सापडतात. मांसासाठी हे चालून जाते. भाजीत मात्र हेच घात करते. मीठ भाजीतील पाणी बाहेर काढते, स्टार्च त्या पाण्याला दाटपणा आणतो, आणि तव्यावर पट्ट्या न राहता रश्श्यातली भाजी तयार होते. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ बेताने खावे लागते त्यांची आणखी अडचण होते. चव वाढवायची म्हणून मसाला वाढवावा, तर त्याबरोबर मीठही वाढते. घरच्या मसाल्याचा खरा फायदा ताजेपणाइतकाच हा आहे की, त्यात मीठ घालायचेच नाही. मीठ शेवटी, वेगळे.

चार जणांच्या तीन-साडेतीन वेळच्या बेताला पुरेल एवढा मसाला पुढील प्रमाणात होतो. माप चहाच्या सपाट चमच्याचे आहे. ब्याडगी मिरचीची पूड चार चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन चमचे, धनेपूड, ओरेगानो, लसणाची पूड व कांद्याची पूड प्रत्येकी एक चमचा, मिरीपूड अर्धा चमचा, साखर अर्धा चमचा आणि हातावर चुरडलेला चिमूटभर ओवा.

मिरची कोणती, यावर सारे अवलंबून आहे. टेक्सासमध्ये वापरली जाणारी आंचो ही सुकी मिरची गडद, किंचित गोडसर आणि सौम्य असते. आपल्याकडे तिच्या जवळ जाते ती कर्नाटकातील हावेरी भागातली सुरकुतलेली ब्याडगी. रंग भरपूर, तिखटपणा कमी. काश्मिरी मिरचीही चालते. संकेश्वरी किंवा लवंगी येथे नको. चार चमच्यांचे माप त्या मिरच्यांना लावल्यास लेखाच्या आरंभी सांगितलेला प्रसंग ठरलेलाच. तिखट आवडणाऱ्यांनी त्यांपैकी अर्धा चमचा वरून घालावी. मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या मंद आचेवर मिनिटभर शेकाव्यात. काळ्या पडू देऊ नयेत, कडवटपणा येतो आणि तो कशानेही झाकला जात नाही. जिरे वेगळे भाजावे, कारण दोहोंना लागणारा वेळ वेगळा. दोन्ही पूर्ण निवल्यावरच दळावे. गरम असताना दळल्यास वाफ धरते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात.

ओव्याचे नाव वाचून भुवया उंचावतील. मेक्सिकोचा ओरेगानो आणि इटालियन पदार्थांत पडणारा भूमध्यसागरी ओरेगानो या दोन निराळ्या वनस्पती आहेत, निराळ्या कुळांतल्या. मेक्सिकन ओरेगानोचा वास अधिक उग्र असतो. तो ज्या तेलांमुळे येतो त्यांपैकी थायमॉल हा घटक ओव्यातही विपुल असतो. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतील ओरेगानो साठलेला असेल तर तो वापरावा आणि चिमूटभर ओव्याने त्याला थोडी धार आणावी. चिमटीपेक्षा जास्त झाला तर मात्र भज्यांची आठवण येईल.

कांदा-लसणाची पूड न मिळाल्यास मसाला त्यांच्याविनाच करावा आणि ताजा लसूण ठेचून भाजीत शेवटी घालावा. ओला लसूण कोरड्या मसाल्यात मिसळून बाटलीत भरू नये, तो टिकत नाही.

भाजायची, शिजवायची नाही

भाज्यांमध्ये लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन ढोबळ्या मिरच्या, दोन मोठे कांदे आणि दीडशे ग्रॅम अळंबी एवढ्यात चौघांचे भागते. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चे फळ. तेच झाडावर पिकू दिले की जातीनुसार लाल, पिवळे किंवा केशरी होते. पिकलेली मिरची गोड लागते आणि तिच्यात ‘क’ जीवनसत्त्वही हिरवीपेक्षा जास्त असते. ती महाग असण्याचे कारणही तेच: फळ जास्त दिवस झाडावर राहते आणि ते सांभाळायला बहुधा हरितगृह लागते. महिनाअखेरीस ती परवडत नसेल तर लाल गाजराच्या पातळ काड्या, लाल भोपळ्याच्या पट्ट्या किंवा मक्याचे दाणे घेण्यात काही कमीपणा नाही. झुकिनीचा आग्रह अनेक कृतींत असतो. ती पाणीदार आणि आपल्याकडे महाग, वगळली तरी बिघडत नाही. टोमॅटो तव्यावर अजिबात घालू नये.

पट्ट्या करंगळीएवढ्या रुंद आणि एकसारख्या कापाव्यात. कांदा देठापासून शेंड्याकडे उभा चिरावा, आडव्या चकत्या तव्यावर विस्कटतात. धुतलेल्या मिरच्या कोरड्या पुसणे हे काम क्षुल्लक वाटले तरी टाळू नये.

आता तवा. बिडाचा जड तवा यासाठी उत्तम, कारण त्यात साठलेली उष्णता गार भाजी पडल्यावर पटकन उतरत नाही. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि जोवर तव्यावर पाणी आहे तोवर भाजीचे तापमान त्याच्या फारसे वर जात नाही. भाजल्याचा खमंगपणा आणि तपकिरी डाग यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणून तव्यावर पाणी साचू न देणे हीच या पदार्थाची किल्ली. हॉटेलातील भट्टीची आच घरच्या शेगडीला नसते. तिथे एका वेळी पडणारी भाजी घरी तीन घाण्यांत करावी लागते, आणि नेमका येथेच घाईने घोटाळा होतो. सगळी भाजी एकदम ओतली की तवा थंड पडतो, वाफ कोंडते, आणि पाच मिनिटांत ढोबळीची नेहमीची भाजी समोर येते. ती वाईट नसते, पण फाहिता नसतो.

तवा मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे कोरडाच तापवावा. मग रिफाइंड शेंगदाणा तेलासारखे, लवकर न धुरकटणारे तेल चमचाभर पसरावे. आधी अळंबी एकेरी थरात टाकून तिचे पाणी आटेपर्यंत आणि कडा तांबूस होईपर्यंत ठेवावी, मग काढून घ्यावी. नंतर कांदा, शेवटी मिरच्या. पट्ट्या टाकल्यावर मिनिटभर तरी उलथने लावू नये. सतत ढवळण्याची आपल्या हाताची सवय येथे आड येते. एका बाजूला काळपट डाग पडले की एकदा उलटावे. मिरचीचा करकरीतपणा राहिला पाहिजे. झाकण ठेवण्याचा प्रश्नच नाही.

मसाला आरंभीच टाकल्यास एवढ्या आचेवर तो जळतो आणि ठसका लागतो. सगळी भाजी भाजून झाली की आच मंद करावी, तव्याच्या मध्यभागी दोन चमचे तेल घालून त्यात तीन चमचे मसाला वीस-तीस सेकंद फुलवावा, आणि वास सुटताच सगळी भाजी त्यावर परत घालून हलक्या हाताने वरखाली करावी. गॅस बंद. आता मीठ, आता अर्ध्या लिंबाचा रस. हे दोन्ही पानात वाढण्याच्या आधी क्षणभर, म्हणजे पाणी सुटायला अवसर मिळत नाही.

पोट भरण्यासाठी सोबत उकडून ठेचलेला राजमा असावा. तेलावर थोडा कांदा आणि चमचाभर हाच मसाला परतून त्यात तो घोटला की काम झाले. ‘पिको दे गायो’, म्हणजे शब्दशः कोंबड्याची चोच, या भारदस्त नावाने ओळखली जाणारी गोष्ट मराठी माणसाला लगेच ओळखू येईल: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू यांची बिनदह्याची कोशिंबीर. टोमॅटोच्या बिया काढून टाकाव्यात. आंबट क्रीमच्या जागी किंचित मीठ घालून फेटलेला चक्का ठेवावा. तो तयार डब्यातल्या क्रीमपेक्षा चांगलाच लागतो. अॅव्होकाडो असल्यास उत्तम.

टेक्सासमध्ये फाहिता मक्याच्या नव्हे, गव्हाच्या तोर्तियात खातात. स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू उत्तर मेक्सिकोत रुजला, तेथून ही सवय आली. घडीची पोळी तिच्या जागी घेतली जाते, पण ती पदर सुटल्याने भाजीच्या ओलाव्याने फाटते. एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, तीन मोठे चमचे तेल आणि मीठ कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवावे, फुलक्यापेक्षा किंचित जाड लाटावे, तापल्या तव्यावर तेलाविना डाग पडेपर्यंत भाजावे आणि लगेच कापडात गुंडाळावे. कापडातल्या वाफेनेच त्या लवचीक होतात.

मसाला काचेच्या कोरड्या बाटलीत, उजेड आणि शेगडीपासून दूर ठेवल्यास दोन-तीन महिने चांगला राहतो. पावसाळ्यात त्याहून कमी, कारण कांद्याची पूड ओल फार लवकर धरते. बाटली उघडल्यावर जिऱ्याचा वास आला नाही, तर जुना टाकून पुन्हा थोडाच करावा.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या शाकाहारी आई-वडिलांसाठी एक सूचना आवश्यक आहे. उपाहारगृहाच्या यादीत ‘व्हेजिटेबल फाहिता’ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. गव्हाच्या तोर्तियात आणि घोटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये परंपरेने डुकराची चरबी घातली जाते. अनेक ठिकाणी आता वनस्पती तेल वापरतात, पण सगळीकडे नाही. सोबतचा तांबूस भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो आणि भाज्या मांसाच्याच तव्यावर परतल्या जाऊ शकतात. ‘लार्ड’ आणि ‘चिकन ब्रॉथ’ हे दोन शब्द लक्षात ठेवून, मागणी नोंदवण्यापूर्वीच वाढप्याला स्पष्ट विचारावे.